लेझर कटिंगला जॉब द्यायचाय? मशीन सुरू होण्याआधीची कामं

ब्रॅकेट हातात घेतला, कडेवरून सहज नख फिरवलं, आणि पावडर कोटिंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं निघून आलं. खाली गुळगुळीत, राखाडी-काळी कड. सपाट भागावर मात्र चावी घासली तरी कोटिंग हलेना. साडेचारशे नग होते, सगळ्यांचं तेच. कोटिंगवाल्यावर आधी चिडलो, मग लेझरवाल्यावर. शेवटी स्वतःची पर्चेस ऑर्डर काढून वाचली. तीत एवढंच लिहिलं होतं: ‘३ एमएम एमएस, लेझर कट’ (एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं स्टील). लेझरवाल्याने ऑक्सिजनने कापून दिलं होतं. मी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं.

आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे आणि लेझरचं काम आम्ही बाहेरूनच करून घेतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. बिघडलेल्या दहा जॉबांपैकी आठ-नऊ जॉब मशीन सुरू होण्याआधीच बिघडलेले असतात: फाइलमध्ये, पत्र्यात, नाहीतर न बोललेल्या एखाद्या वाक्यात. म्हणून हा लेख मशीन घेणाऱ्यांसाठी नाही. जॉब देणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला तोच ब्रॅकेट घेऊ: ३ एमएम एमएसचा एल आकार, बाहेरून एक बाजू ८० आणि दुसरी ५० एमएम, रुंदी १००, एम-८ बोल्टसाठी ९ एमएमची चार भोकं, आणि ४० बाय ११ चा दोन्ही टोकांना गोल असा एक स्लॉट.

आधी मशीन नेमकं काय करतं ते

लेझरचा किरण लेन्सने पत्र्यावर एका बारीक ठिपक्यात गोळा केला जातो. तिथला धातू वितळतो. नोझलमधून त्याच जागी गॅसचा झोत सुटतो आणि वितळलेला धातू खाली फेकून देतो. एवढंच. हेड पत्र्यापासून एखाद्या मिलिमीटरच्या आसपास अंतर राखत धावतं. पत्रा थोडा वाकडा असला तरी हेडमधला सेन्सर ते अंतर सांभाळून घेतो. कापलेल्या फटीला केर्फ म्हणतात. पातळ पत्र्यात ती ०.१ ते ०.३ एमएम असते, जाड पत्र्यात थोडी जास्त.

मशीन मुख्यतः दोन जातींची भेटतात. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तो आरशांवरून हेडपर्यंत न्यावा लागतो. लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, कापड, चामडं हे त्याचं राज्य. फायबर लेझरची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन, म्हणजे जवळपास दशांश. तो काचेच्या तंतूतून थेट हेडपर्यंत येतो, आरसे जुळवत बसावं लागत नाही, आणि धातू तो सहज शोषून घेतो. वीजही बरीच कमी लागते. त्यामुळे पत्र्याच्या कामात आता फायबरच दिसतं. पण फायबरसमोर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ठेवलं तर किरण आरपार निघून जातो, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. नेमप्लेट अ‍ॅक्रिलिकची आणि ब्रॅकेट स्टीलचा असेल तर दुकानं दोन शोधावी लागतील.

थोडं विषयांतर. या कार्बन डायऑक्साइड लेझरचे जनक कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये त्यांनी तो बनवला. पुढे तीनच वर्षांत, १९६७ मध्ये, इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेझरबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून स्टीलचा पत्रा कापून दाखवला. आज एमआयडीसीत शेडमागून शेडमध्ये जे चाललंय त्याचं मूळ ते. बारामतीची ही ओळख आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पायरी पहिली: हा जॉब लेझरचा आहे का?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. एकच वॉशर लाखांनी लागणार असेल तर प्रेस टूल बनवा. टूलचा खर्च लवकर फिटतो आणि लेझर त्या भावाच्या जवळपासही येत नाही. ४०-५० एमएमची बेसप्लेट असेल आणि कडेला मशीनिंग होणारच असेल, तर गॅस कटिंग स्वस्त पडतं. उष्णता अजिबात चालणार नसेल, किंवा दगड, काच, जाड रबर कापायचं असेल, तर वॉटरजेट, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने कापणं. मायक्रॉनमधला डाय-पंच हवा असेल तर वायरकट, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी कापणं.

लेझरची खरी जागा मधली: अर्धा ते वीस-पंचवीस एमएम जाडी, एक नगापासून काही हजार नगांपर्यंत, आणि आज काढलेलं ड्रॉइंग उद्या हातात हवं असेल तेव्हा. टूल लागत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. भोक दोन मिलिमीटर सरकवायचं तर फाइल बदलली की झालं. पॅनेलचे दरवाजे, पंखे-ब्लोअरचे भाग, बसच्या बॉडीचे तुकडे, हॉटेलच्या किचनची टेबलं, शेतीची अवजारं, गेटच्या जाळ्या हे सगळं याच पट्ट्यात येतं.

काही ठिकाणी तर लेझरला पर्यायच नाही. गाडीच्या दाराजवळचा बी-पिलर (मधला खांब) हल्ली तापवून दाबलेल्या बोरॉन स्टीलचा असतो. थंड झाल्यावर त्याची ताकद १,५०० मेगापास्कलच्या घरात जाते, आणि त्याच्या कडा प्रेसवर छाटायला गेलं तर टूलच झिजतं. म्हणून त्या थ्रीडी लेझरने छाटतात. हृदयात बसवायचा स्टेंटही धातूच्या बारीक नळीतून लेझरनेच कोरतात. आपला ब्रॅकेट इतका नाजूक नाही, पण मशीनचं तत्त्व एकच.

पायरी दुसरी: पत्रा

‘एमएस’ हे मटेरियलचं नाव नाही, आडनाव आहे. पूर्ण नाव सांगावं लागतं. हॉट रोल्ड पत्रा जाड आणि स्वस्त असतो, वर काळी खपली असते. कोल्ड रोल्ड, म्हणजे बाजारातला सीआरसीए, गुळगुळीत आणि बहुतेक ३ एमएमच्या आतला. खपली सुटलेला किंवा गंजलेला पत्रा लेझरला त्रास देतो: किरण मध्येच अडखळतो, कड खडबडीत होते, एखादं भोक अर्धवट राहतं. हॉट रोल्डच घ्यायचा असेल तर अ‍ॅसिडने धुऊन तेल लावलेला मागा. थोडा महाग पडतो, पण पावडर कोटिंगआधीची मेहनत वाचते.

जाडी एमएममध्येच लिहा. आपल्याकडे कोणी गेजमध्ये बोलतो, कोणी सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ एमएम. ‘एक सुती पत्रा’ म्हटल्यावर समोरचा ३ एमएम समजतो, आणि फिटिंगच्या वेळी वाद होतात.

स्टेनलेसमध्ये ३०४ सांगून २०२ येण्याची भीती असते. चुंबक लावून बघणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, पण २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) पत्र्यावरच्या नंबराशी जुळवा, आणि माल मोठा असेल तर बाहेरून तपासून घ्या. दिसणाऱ्या भागासाठी ब्रश फिनिश घेत असाल तर रेषांची दिशा ड्रॉइंगवर बाणाने दाखवा. नाहीतर नेस्टिंग करताना, म्हणजे शीटवर तुकडे बसवताना, सॉफ्टवेअर पत्रा वाचवायला तुकडे फिरवतं, आणि एका दारावर रेषा उभ्या, शेजारच्यावर आडव्या येतात. वरची प्लास्टिक फिल्म लेझरला चालणारी आहे का तेही विचारा. साध्या फिल्मला कापताना फुगे येतात आणि कड खराब होते.

दोन नियम मोडू नका. पीव्हीसी लेझरवर कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर माणसाच्या फुप्फुसांना आणि मशीनच्या लोखंडाला दोघांनाही खातो. रेक्झिन समजून आलेलं कापड अनेकदा पीव्हीसीच असतं. आणि जस्त चढवलेला जीपी पत्रा कापायचाच असेल तर धूर ओढणारी यंत्रणा चालू आहे ना, याची खात्री करा.

पायरी तिसरी: फाइल

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

लेझरला डीएक्सएफ फाइल (ड्रॉइंगच्या रेषांची फाइल) लागते, एकास एक मापात, मिलिमीटरमध्ये. एकदा आमच्याच माणसाने इंचात सेव्ह केलेली फाइल पाठवली. सॉफ्टवेअरने इंचाचा आकडा मिलिमीटर म्हणून वाचला आणि १०० एमएमचा तुकडा चार एमएमपेक्षाही छोटा दिसू लागला. ऑपरेटर जुना होता, त्याने फोन करून विचारलं, “साहेब, अंगठीचं काम घेतलंय का?” नवा असता तर कापून दिलं असतं. तेव्हापासून प्रत्येक फाइलबरोबर एक पीडीएफ जाते, आणि तीत निदान बाहेरची लांबी-रुंदी लिहिलेली असते.

फाइल पाठवण्याआधी ती स्वतः उघडून पाहा. प्रत्येक आकार बंद आहे का? टोकाला ०.०५ एमएमची फट राहिली तरी सॉफ्टवेअर त्याला आकार मानत नाही. एकावर एक दोन रेषा पडल्यात का? डोळ्यांना एकच दिसते, पण मशीन त्याच रेषेवर दोनदा फिरतं आणि कड जळते. मापं, टायटल ब्लॉक, मधली तुटक रेषा हे सगळं काढून टाका. बेंडची रेषा राहू द्यायचीच असेल तर वेगळ्या लेयरवर ठेवा आणि तसं लिहा. नाहीतर जिथे पत्रा वाकवायचा तिथेच तो कापला जातो. असं झालेलं मी एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे.

केर्फसाठी स्वतःहून माप बदलू नका. ते काम कटिंगचं सॉफ्टवेअर करतं. तुम्हीही भरपाई केली आणि त्यानेही केली, तर भोक घट्ट.

अक्षरं कोरायची असतील तर ‘ठ’ आणि ‘व’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडणार, हे लक्षात ठेवा. बारीक पूल ठेवून स्टेन्सिलसारखी अक्षरं काढा. देवनागरीत वरची शिरोरेषा सलग कापली तर अख्खा शब्दच लोंबकळतो, म्हणून तीही मध्ये मध्ये तोडावी लागते.

आता भोकं. नवशिक्यांसाठी साधा नियम असा: भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका, आणि दोन भोकांमध्ये किंवा भोक आणि कड यांच्यामध्ये निदान जाडीइतकं मटेरियल राहू द्या. चांगलं मशीन आणि नायट्रोजन असेल तर याहून लहान भोक निघतं, पण ते विचारून करा. ज्या भोकात आटे पाडायचेत तिथे जास्त काळजी घ्या. जाड पत्र्यात, विशेषतः ईएन-८ सारख्या जास्त कार्बनच्या स्टीलमध्ये, लेझरने कापलेली कड कडक होते. एम-८ साठी ६.८ चं भोक थेट लेझरने पाडून टॅप घातला की टॅप तुटतो. अशा वेळी लेझरने लहान भोक पाडून घ्या आणि मग ड्रिलने ६.८ करा. कडक झालेला थर ड्रिल काढून टाकतं.

पायरी चौथी: बेंडचं गणित

आपला ब्रॅकेट ८० आणि ५० चा. सपाट पत्रा १३० एमएमचा कापला तर बेंड केल्यावर बाजू मोठ्या येतील, कारण वाकताना पत्रा ताणला जातो. किती वजा करायचं हे आतल्या त्रिज्येवर आणि के-फॅक्टरवर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) ठरतं. आतली त्रिज्या ३ एमएम आणि के-फॅक्टर ०.४२ धरला तर वजावट सुमारे ५.३ एमएम येते, म्हणजे सपाट लांबी १२४.७. के-फॅक्टर ०.३३ धरला तर वजावट ५.७ होते. फरक ०.४ एमएमचा. दोन-चार बेंड असलेल्या बॉक्समध्ये हाच फरक साठत जातो आणि झाकण बसत नाही.

म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका. जो बेंडिंग करणार आहे त्यालाच विचारा, “तीन एमएमला तुमच्याकडे किती वजा करता?” चांगल्या बेंडिंगवाल्याला हे तोंडपाठ असतं. ड्रॉइंगवर तुम्ही आतली त्रिज्या १ एमएम लिहिली म्हणून ती मिळत नाही. ती त्याच्या व्ही-डायच्या (ज्या व्ही आकाराच्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात तिच्या) रुंदीवर ठरते. नसेल सांगत, तर ठरलेल्या लांबीची एक पट्टी कापून घ्या, वाकवून आणा आणि दोन्ही बाजू मोजा. दोन बाजूंच्या बेरजेतून मूळ लांबी वजा केली की तुमचा आकडा हातात.

भोक बेंडच्या जवळ असेल तर वाकताना ते अंड्यासारखं लांबट होतं. भोकाची कड आणि बेंड यांच्यामध्ये जाडीच्या अडीचपट अधिक त्रिज्या एवढं अंतर ठेवतो. आपल्या ब्रॅकेटमध्ये ते १०.५ एमएम. आणि बाजू फार आखूडही नको. व्ही-डायवर टेकायला जागा मिळाली नाही तर पत्रा आत घसरतो.

पायरी पाचवी: नेस्टिंगचा अंदाज स्वतः काढा

आपल्याकडे सर्रास मिळणारी शीट १२५० बाय २५०० एमएम. ३ एमएम जाडीत तिचं वजन ७३.६ किलो. कडेने १० एमएम आणि दोन तुकड्यांत ५ एमएम सोडले, तर १२४.७ बाय १०० चे तुकडे एका दिशेला ११ आणि दुसऱ्या दिशेला १९ बसतात. म्हणजे २०९ नग. साडेचारशे नगांना तीन शीट लागतात, आणि तिसऱ्या शीटमधून फक्त ३२ नग निघतात.

आता रुंदी १०० ऐवजी ९७ करा. ११ च्या जागी १२ बसतात, शीटमागे २२८ नग, आणि दोन शीटमध्ये ४५६. अख्खी तिसरी शीट वाचली! (९८ केलं तर मात्र एका मिलिमीटरने हुकतं. मी आधी तेच केलं होतं.) ब्रॅकेटची रुंदी १०० का ठेवली होती? कारण १०० हा आकडा लिहायला सोपा. त्यापलीकडे काही कारण नव्हतं. ड्रॉइंगवरचे निम्मे गोल आकडे असेच आलेले असतात. कागदावर पाच मिनिटं हे गणित केलं तर भावात घासाघीस करून जे वाचतं त्याच्या कितीतरी पट वाचतं.

पायरी सहावी: गॅस

माझी चूक झाली ती इथे.

ऑक्सिजनने एमएस कापताना लोखंड नुसतं वितळत नाही, जळतंही. त्या जळण्यातून जास्तीची उष्णता मिळते, म्हणून कमी ताकदीच्या मशीनवरही जाड पत्रा कापता येतो. जाड पत्र्याला दाब एक बारच्या आसपास किंवा त्याहून कमी पुरतो, गॅस कमी लागतो, खर्च कमी. पण कडेवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा राहतो. पावडर कोटिंग त्या पापुद्र्याला चिकटतं, पापुद्रा स्टीलला नीट चिकटलेला नसतो, आणि पुढे काय होतं ते वर सांगितलंच.

नायट्रोजन काही जाळत नाही. वितळलेला धातू फक्त ढकलून देतो. त्यासाठी १० ते २० बार दाब लागतो, गॅस भरपूर जातो, बिल वाढतं. पण कड पांढरी, चकचकीत निघते. वेल्डिंग किंवा कोटिंग थेट करता येतं. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमला नायट्रोजनच. ऑक्सिजनने कापलेल्या स्टेनलेसची कड काळी पडते. तिसरा पर्याय नुसत्या दाबलेल्या, कोरड्या हवेचा. पातळ पत्र्याला तो स्वस्तात पडतो, कड किंचित पिवळसर आणि थोडी खरखरीत येते. आतल्या, न दिसणाऱ्या भागांना ते चालून जातं.

जाड एमएसला ऑक्सिजनशिवाय बहुतेक ठिकाणी इलाज नसतो. तेव्हा कोटिंगआधी कड बफने घासून, शॉट ब्लास्टिंग करून किंवा अ‍ॅसिडने पापुद्रा काढून घ्यायचा. तो खर्च आधीच धरा. मी तेव्हा साडेचारशे नगांचं कोटिंग काढून, कडा ग्राइंड करून, परत कोटिंगला पाठवले. त्यातून नफा शोधायला दुर्बीण लागली असती.

पायरी सातवी: भाव विचारणं

‘किलोला काय घेता?’ असं विचारू नका. कापायला लागणारा वेळ वजनावर ठरत नाही. किती लांबी कापायची आणि किती वेळा पत्रा भेदायचा यावर ठरतो. प्रत्येक नवीन आकार सुरू करताना किरण आधी पत्र्याला भोक पाडतो, त्याला पिअर्सिंग म्हणतात. जाड पत्र्यात तेवढ्यालाच एक-दोन सेकंद जातात.

आपल्या ब्रॅकेटचं गणित (रुंदी आता ९७ धरून): बाहेरचा परीघ ४४३ एमएम, चार भोकं मिळून ११३, स्लॉट ९३. एकूण ६४९ एमएम, म्हणजे नगाला पाऊण मीटरही नाही. पिअर्सिंग सहा. ४५० नगांना २९२ मीटर आणि २,७०० पिअर्सिंग. हे आकडे तुमच्याकडे असले की दोन दुकानांचे भाव एका मापाने तोलता येतात. कोणी मीटरने सांगेल, कोणी मशीनच्या तासाने. भागाकार केला की कळतं. जाळीच्या डिझाइनमध्ये मात्र हेच गणित अंगावर येतं. एका पॅनेलमध्ये दोन हजार भोकं असली तर पत्र्यापेक्षा कटिंग महाग पडतं, तेव्हा टरेट पंचवाल्यालाही (ठोकून भोकं पाडणारं मशीन असलेल्याला) एकदा विचारा.

माझा मेसेज आता साधारण असा जातो: “३ एमएम सीआरसीए, नग ४५०, सपाट माप १२४.७ बाय ९७, नायट्रोजन कट, बर (खालच्या कडेला चिकटून राहिलेला धातू) चालणार नाही, वर-खाली दोन्ही कडा साफ, नंतर बेंड आणि पावडर कोटिंग आहे. पत्रा आमचा, दोन शीट. उरलेला तुकडा आणि स्क्रॅप परत. पहिला नग दाखवून मगच पुढे.” दोन ओळी टाइप करायला लागणाऱ्या वेळात साडेचारशे नग वाचतात.

पत्रा आपला देत असाल तर चलन करूनच पाठवा. जीएसटी कायद्यात जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर तो विकला असं धरलं जातं. स्क्रॅप कोणाचं, हे आधी बोला. स्टेनलेस असेल तर स्क्रॅपची किंमत कटिंगच्या बिलाशी भिडते.

पायरी आठवी: पहिला नग

शक्य असेल तर पहिल्या नगाला हजर राहा. पण एक सावधगिरी. फायबरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, तरी थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. मागे उसळलेलं प्रतिबिंबही धोक्याचं. बंद केबिनच्या मशीनला जी हिरवट काच असते ती खास त्या तरंगलांबीसाठी असते. काही ठिकाणी उघड्या बेडची मशीनं चालतात. तिथे वाकून बघू नका, मोबाइलने व्हिडिओ काढू नका, आणि वेल्डिंगचा चष्मा पुरेल असं समजू नका.

ठिणग्या काय सांगतात ते जुना ऑपरेटर बरोबर ओळखतो. पत्र्याखाली सरळ खाली पडून पसरत असतील तर वेग ठीक. मागे झुकत असतील तर वेग जास्त, तळाशी तुकडा तुटणार नाही. एकत्र गोळा होऊन थोड्याच पडत असतील तर वेग कमी, कड जळणार. कापलेल्या कडेवरच्या बारीक रेघाही तेच सांगतात: उभ्या असाव्यात, खाली जाताना फार मागे वळलेल्या नसाव्यात.

नग हातात आल्यावर खालची कड आधी बघा, बर तिथेच चिकटतो. कानस एकदा फिरवून निघत असेल तर ठीक. हातोडी-छिन्नी लागत असेल तर सेटिंग चुकलंय. मग वर्निअर. भोक वरून आणि खालून दोन्हीकडून मोजा. जाड पत्र्यात ते किंचित निमुळतं येतं आणि बोल्ट अडतो तो लहान बाजूला. पावडर कोटिंगचा थर साधारण ६०-८० मायक्रॉनचा, म्हणजे भोक दोन्हीकडून मिळून ०.१५ एमएमच्या आसपास लहान होणार. एम-८ ला ९ एमएममध्ये ते खपतं. नेमकं बसणारी पिन असेल तर नाही.

कडेवर एखादी इवलीशी टोकदार गाठ दिसली तर ती चूक नाही. लहान तुकडा जाळीतून खाली पडू नये किंवा उलटा उभा राहून हेडला धडकू नये, म्हणून ०.२ ते ०.५ एमएमचा धागा मुद्दाम ठेवतात. तुकडा तोडला की त्याची गाठ उरते. दिसणाऱ्या कडेवर ती नको असेल तर जागा आधी सांगा. ऑपरेटर तो धागा कुठेही ठेवायला तयार असतो.

एक नग लगेच बेंडिंगला न्या. वाकवून, बोल्ट घालून, जिथे बसायचाय तिथे बसवून बघा. मग फोन करून सांगा, “चालू करा.” यात अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

माल मोजून घेणं

साडेचारशे नग कोणी एकेक मोजत नाही. भोकं आणि स्लॉट वजा जाता आपल्या ब्रॅकेटचं वजन २६९ ग्रॅम येतं, म्हणजे सगळे मिळून सुमारे १२१ किलो. पण पत्रा छापील ३ एमएम असला तरी खरा २.९ असू शकतो, तेव्हा कागदावरच्या वजनाने मोजलंत तर दहा-पंधरा नगांचा घोळ होतो. त्याच ढिगातले दहा नग आधी काट्यावर ठेवा, सरासरी काढा, मग गोण्या चढवा. शीट देतानाही तिचं वजन करून चलनावर लिहिलेलं असेल, तर परत आलेल्या सांगाड्याचं (तुकडे काढून उरलेल्या शीटचं) वजन त्याच काट्यावर जुळवता येतं.